मातीच्या गड्ड्यासकट: पेशीच्या पटलातून प्रथिन बाहेर कसं काढतात

माझ्या आईचा गोळ्यांचा डबा स्टीलचा आहे. पूर्वी त्यात लवंगा-वेलदोडे असायचे. आता रक्तदाबाची ॲम्लोडिपिन, पित्ताची पँटोप्राझोल आणि गेल्या वर्षापासून साखरेसाठी डापाग्लिफ्लोझिन असते. या दिवाळीला माझी भाची इंग्लंडहून आली होती. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी जेवणं आटोपल्यावर आईनं तिला सरळच विचारलं, "अगं, तू तिकडे नक्की करतेस तरी काय? तुझी आई म्हणते प्लास्टिक बनवते. मावशी म्हणते औषधांचं काहीतरी."

भाचीनं तो डबा उघडून आजीसमोर ठेवला. "आजी, या तिन्ही गोळ्या पोटात गेल्यावर शेवटी एकाच प्रकारच्या जागी जाऊन चिकटतात. ती जागा शरीराबाहेर काढून नीट बघता यावी म्हणून मी प्लास्टिकच्या जातीचं एक द्रव्य बनवते. आई आणि मावशी दोघीही बरोबरच सांगतात."

मी स्वतः इथल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात पॉलिमर तपासण्याचं काम करत आयुष्य काढलं. कोयलीची रिफायनरी १९६५ साली सुरू झाली, १९६९ साली आयपीसीएल ही सरकारी पेट्रोकेमिकल कंपनी स्थापन झाली आणि वडोदऱ्याच्या कितीतरी मराठी-गुजराती घरांचा संसार पॉलिमरवर चालला. पण आमच्यासाठी पॉलिमर म्हणजे पाइप, दोर, पोती, पिशव्या. त्याच्या एका रेणूनं पेशीच्या आवरणाचा बारीकसा तुकडा अलगद कातून घेता येतो, हे मला माहीत नव्हतं. भाचीच्या प्रबंधाचं शीर्षक दोन ओळींचं आहे आणि घरात कुणालाच ते समजावून सांगता येत नव्हतं. ती परत गेल्यावर मी वाचत गेलो, अडलं की तिला फोन करत गेलो. जे कळलं ते इथे मांडतो.

पेशीचं पटल: बेपडी रोटली

आपलं शरीर पेशींचं, आणि प्रत्येक पेशीभोवती एक पातळ आवरण असतं. त्याला पेशीपटल म्हणतात. ते लिपिड नावाच्या स्निग्ध रेणूंचं बनलेलं असतं. लिपिडच्या रेणूला एक डोकं आणि दोन शेपट्या असतात. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना पाणी नको असतं. पेशीच्या आत पाणी, बाहेरही पाणी. मग हे रेणू दोन थरांत उभे राहतात: डोकी पाण्याकडे, शेपट्या एकमेकींकडे तोंड करून आत.

आमरसाबरोबर आपल्याकडे बेपडी रोटली करतात. दोन लाट्या, मध्ये तेल, आणि दोन्ही एकत्र लाटायच्या. पेशीपटल असंच असतं. बाहेरचे दोन्ही पदर पाण्याला चालतात, मधला थर तेलकट. फक्त ही रोटली सुमारे ५ नॅनोमीटर जाडीची आहे. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर.

मधल्या तेलामुळे पाण्यात विरघळलेली वस्तू सहजी आरपार जात नाही. पण पेशीला साखर आत घ्यायची असते, क्षार कमी-जास्त करायचे असतात, बाहेरून आलेले निरोप ऐकायचे असतात. त्यासाठी रोटलीत जागोजागी प्रथिनं रुतलेली असतात: कुठे दार, कुठे पंप, कुठे घंटा. त्यांना या लेखात पटल-प्रथिनं म्हणू. आपल्या जनुकांपैकी सुमारे पाव जनुकं अशा प्रथिनांसाठी असतात आणि आज वापरात असलेल्या औषधांपैकी निम्म्याहून अधिक औषधं यांच्यावरच काम करतात. आईच्या डब्याचंच घ्या. ॲम्लोडिपिन रक्तवाहिन्यांच्या स्नायूंमधलं कॅल्शियमचं दार अडवते, म्हणून त्या सैल पडतात. पँटोप्राझोल जठरातला आम्लाचा पंप बंद पाडते. डापाग्लिफ्लोझिन मूत्रपिंडात साखर परत आत ओढणारं दार अडवते, मग जादा साखर लघवीवाटे जाते.

मग बाहेर काढायचं कशाला?

कुलूप बघितल्याशिवाय किल्ली घडवायची म्हणजे अंधारात कानस चालवणं. प्रथिनाचा आकार कळला, त्यातली खाच कुठे आहे ते दिसलं, तर तिथे बसणारं औषध समजून-उमजून घडवता येतं. त्यासाठी ते प्रथिन बाकीच्या हजारो प्रथिनांपासून वेगळं, शुद्ध आणि धडधाकट हाती यावं लागतं.

पाण्यात विरघळणाऱ्या प्रथिनांच्या बाबतीत हे तुलनेनं लवकर जमलं. स्नायूंमधल्या मायोग्लोबिनची त्रिमित रचना १९५८ साली कळली. पटल-प्रथिनाची अणूंपर्यंतची पहिली रचना मात्र १९८५ साली हाती आली, एका प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूच्या प्रथिनाची. त्यासाठी डायझेनहोफर, हूबर आणि मिशेल यांना १९८८चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मध्ये गेलेल्या सत्तावीस वर्षांचं मोठं कारण ती तेलकट रोटलीच. तिच्यातून जाणारा प्रथिनाचा भाग स्वतःही तेलकट असतो, पाण्याला टाळणारा. रोटलीतून उपटून पाण्यात टाकलं की प्रथिनाचे हे भाग एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात आणि हाती गाळ उरतो. सेव उसळीवरची तर्री कितीही ढवळा, पुन्हा वर एकत्र येते. इथे तीच प्रवृत्ती.

साबणाची वाट आणि तिची किंमत

तेलकट वस्तू पाण्यात नीट राहावी म्हणून माणसानं पहिल्यापासून साबण वापरला. प्रयोगशाळेतही तेच केलं. साबणाच्या जातीचे रेणू, म्हणजे डिटर्जंट, पटलात मिसळले की पटल फुटतं, साबणाचे रेणू प्रथिनाच्या तेलकट कमरेभोवती गोळा होतात आणि प्रथिन पाण्यात तरंगत राहतं. आजवरच्या बहुतेक पटल-प्रथिनांचं ज्ञान या वाटेनं आलं आहे. या वाटेला नावं ठेवणं कृतघ्नपणा होईल.

पण रिठ्यानं केस धुतले की मळाबरोबर अंगचं तेलही जातं. डिटर्जंट प्रथिनाभोवतीची बहुतेक लिपिडं धुऊन काढतो. काही प्रथिनांना ते सोसतं. काही हळूहळू सैल पडतात, आकार सोडतात, काम करेनाशी होतात. कारण काही लिपिडं नुसती शेजारी नसतात. ती प्रथिनाला आधार देतात, कधी त्याच्या खाचेतच बसलेली असतात.

कमाटीबागेच्या बाजूला आम्ही रोपं घ्यायला जातो. माळी रोप उपटून, मुळं नळाखाली धुऊन हातात देत नाही. मातीचा गड्डा तसाच ठेवून त्याला गोणपाट गुंडाळून देतो. मुळाला चिकटलेली ती माती घरी येईपर्यंत रोपाला जगवते. पटल-प्रथिनाला असं गड्ड्यासकट काढता येईल का? भाचीच्या सगळ्या कामाचं मूळ या एका प्रश्नात आहे.

गोणपाटाचा पट्टा: दोन जातींच्या मण्यांची पोत

२००९ साली बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी याचं एक उत्तर छापलं. त्यांनी वापरलेलं द्रव्य उद्योगाला आधीपासून ठाऊक होतं: स्टायरीन आणि मॅलिइक ॲसिड यांचं संयुक्त पॉलिमर. लांबलचक नावाऐवजी त्याला एसएमए म्हणतात.

पॉलिमर म्हणजे छोटे रेणू एकामागे एक ओवून झालेली माळ. एकाच जातीच्या मण्यांची माळ असू शकते. नुसत्या स्टायरीनची माळ म्हणजे पॉलिस्टायरीन, तेच फुगवलं की थर्माकोल. दोन जातींचे मणीही ओवता येतात. एसएमए म्हणजे काळ्या आणि सोन्याच्या मण्यांची पोत समजा. काळा मणी स्टायरीन, पाण्याला टाळणारा. सोन्याचा मणी मॅलिइक ॲसिड, पाण्याची ओढ असलेला. साधारण दोन किंवा तीन काळ्यांमागे एक सोन्याचा, असं प्रमाण या कामाला चांगलं पडतं.

ही पोत पेशीपटलांच्या पाण्यात टाकली की काळे मणी रोटलीच्या मधल्या तेलकट थरात घुसतात आणि लिपिडांच्या शेपट्यांमध्ये पाचर मारतात. सोनेरी मणी बाहेर पाण्याकडे राहतात. पाचरी वाढत गेल्या की रोटलीचे बारीक गोल तुकडे सुटतात. प्रत्येक तुकड्याच्या कडेनं पोत पट्ट्यासारखी बसलेली, मध्ये लिपिडं, आणि नशीब असेल तर लिपिडांच्या मधोमध हवं ते प्रथिन. एका तुकड्याचा व्यास सुमारे १० नॅनोमीटर. असे एक लाख तुकडे ओळीनं मांडले तर एक मिलिमीटर भरेल.

पॉलिमरचा पट्टा ही कल्पना याहून जुनी आहे. १९९६ साली पॅरिसमध्ये अँफिपॉल नावाची पॉलिमरं तयार झाली. पण ती वापरताना आधी डिटर्जंटनं प्रथिन सोडवून घ्यावं लागतं आणि मग पट्टा बांधायचा. प्रथिनांचेच पट्टे बांधून केलेल्या चकत्या अमेरिकेत २००२च्या सुमारास आल्या. त्यांच्यात बाहेरून लिपिड घालता येतं, पण मधला डिटर्जंटचा टप्पा तिथेही आहे. एसएमए हे काम थेट पटलावर करतं, साबण न लावता. मला यातली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

प्रयोगशाळेतला एक दिवस

भाचीनं फोनवर दाखवलेलं सांगतो. सुरुवातीची पूड पाण्यात विरघळतच नाही, कारण तिच्यातले सोन्याचे मणी अजून मिटलेल्या रूपात असतात. त्याला ॲनहायड्राइड म्हणतात. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ही पूड काही तास उकळायची. हळूहळू गढूळपणा जातो आणि स्वच्छ द्राव होतो: मणी उमलले. मग त्यात आम्ल घालायचं. दुधात लिंबू पिळल्यावर दूध फाटावं तसा पांढरा चोथा वर येतो. तो फिरवून खाली बसवायचा, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा धुवायचं, असं अनेकदा. शेवटी थोड्या अल्कलीत विरघळवून गोठवायचा आणि निर्वातात वाळवायचा. हाती येते हलकी पांढरी भुकटी.

दुसरीकडे जिवाणू वाढवलेले असतात, त्यांना फोडून पटलं वेगळी केलेली असतात. ती पाण्यात घातली की घट्ट ताकासारखी दिसतात. त्यात पॉलिमर घातलं, नळी हलवत ठेवली, आणि माझ्या डोळ्यांदेखत ताक निवळलं. पूर्ण पाण्यासारखं झालं नाही, पण पलीकडची तिची बोटं दिसू लागली. मोठे तुकडे प्रकाश विखुरतात म्हणून द्राव पांढरा दिसतो, आणि दहा नॅनोमीटरच्या चकत्या झाल्या की प्रकाश जवळपास सरळ निघून जातो. कारखान्यात आम्ही गढूळपणा रोज मोजायचो. तरी ते बघताना मी खुर्चीतून पुढे सरकलो होतो.

पुढे जोरात फिरवून न सुटलेला गाळ खाली बसवतात. हव्या त्या प्रथिनाला आधीच हिस्टिडिन नावाच्या सहा घटकांची शेपटी जोडलेली असते, ती निकेल लावलेल्या मण्यांना चिकटते. बाकीचं वाहून जातं, हवं ते उरतं. लिटर-लिटर जिवाणूंमधून शेवटी हाती येतं ते मिलिग्रॅमच्या हिशेबात.

गड्ड्यानं फरक पडतो याचा पुरावा: मिरची

मिरची खाल्ली की तोंड भाजल्यासारखं वाटतं, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन आपल्या मज्जापेशींवरच्या एका पटल-प्रथिनाचं दार उघडतं. त्या दाराचं नाव टीआरपीव्ही-१. हेच दार सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनंही उघडतं, म्हणून मेंदूला दोन्ही सारखंच 'गरम' कळतं. या शोधाबद्दल डेव्हिड ज्यूलियस यांना २०२१ सालचं नोबेल विभागून मिळालं.

२०१३ साली ज्यूलियस आणि यिफान चेंग यांच्या गटांनी या दाराची रचना अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानं उलगडली. त्या वेळी प्रथिनाला अँफिपॉलचा पट्टा होता. २०१६ साली त्यांनी तेच दार लिपिडांच्या चकतीत बसवून पाहिलं. कॅप्सेसिन ज्या खाचेत बसतं, त्या खाचेत एक लिपिडचा रेणू आधीच घर करून बसलेला स्पष्ट ओळखू आला. म्हणजे मिरचीचा रेणू रिकाम्या खोलीत शिरत नाही. आत असलेल्याला उठवून त्याची जागा घेतो. त्या खाचेसाठी वेदनाशामक घडवणाऱ्याला ही माहिती किती मोलाची आहे, सांगायला नको.

एसएमएच्या चकत्यांनीही असंच दाखवलं. ई. कोलाय जिवाणूकडे ॲक्र-बी नावाचा एक पंप असतो, तो आत आलेली प्रतिजैविकं बाहेर फेकतो. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंचं ते एक शस्त्र आहे. २०१८ साली या पंपाची रचना एसएमएनं काढलेल्या चकतीत पाहिली, तेव्हा पंपाच्या मधल्या पोकळीत लिपिडांचा नीट रचलेला दुपदरी तुकडा जसाच्या तसा सापडला.

बोअरचं पाणी आणि इतर अडचणी

बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाच्या पाणीप्रिय टोकांना पकडून साका बनवतं. एसएमएच्या सोन्याच्या मण्यांचंही अगदी तसंच होतं. थोडं मॅग्नेशियम वाढलं की पोत गोळा होऊन खाली बसते. आणि नेमक्या कितीतरी पंपांना काम करायला मॅग्नेशियम लागतं, कारण त्यांचं इंधन म्हणजे एटीपी मॅग्नेशियमच्या जोडीनंच वापरलं जातं. द्राव आम्लधर्मी झाला तरी हीच गत, मघाच्या फाटलेल्या दुधासारखी.

स्टायरीनची आणखी एक खोड आहे. प्रथिन किती आहे हे ते अतिनील प्रकाश किती शोषतं त्यावरून मोजतात, आणि स्टायरीनही त्याच्या जवळपासचाच प्रकाश शोषतं. मोजमाप गढूळ होतं.

२०१७ साली जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या संशोधकांनी स्टायरीनच्या जागी डायआयसोब्युटिलीन नावाचा मणी ओवलेलं पॉलिमर वापरलं. ते अतिनील प्रकाशात आडवं येत नाही आणि मॅग्नेशियमही बरंच सोसतं. पण सगळ्या पटलांवर ते तितक्याच जोरानं काम करत नाही. इतरांनी मॅलिइक ॲसिड बदलून आम्लात टिकणारी पॉलिमरं केली. सगळ्या रोपांना चालेल असं एकच गोणपाट अजून कुणाला सापडलेलं नाही.

"संगणकानं सगळ्या रचना सांगितल्या ना?"

माझ्या मुलानं हाच प्रश्न विचारला. अल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीनं वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या आकारांचे अंदाज जगासमोर ठेवले, आणि २०२४ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्या कामाला, डेव्हिड बेकर यांच्या कामासह, मिळालं. मग नळ्या हलवत कशाला बसायचं?

तो अंदाज मोठ्या उपयोगाचा आहे, भाची स्वतः रोज वापरते. पण ते बहुधा एका क्षणाचं चित्र असतं. दार उघडं असताना कसं, मिटताना कसं, औषध बसल्यावर काय हललं, शेजारच्या लिपिडानं काय केलं, हे अजून प्रत्यक्षच पाहावं लागतं. आणि संगणक शिकला तो माणसांनी प्रयोगशाळेत काढलेल्या रचनांवरूनच.

"पट्टा बांधल्यावर प्रथिन बदलत नाही कशावरून?"

हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटला. पट्टाही प्रथिनाला टेकतोच. फार घट्ट चकतीत प्रथिनाला हालचाल करायला अडचण होऊ शकते. शिवाय निरनिराळ्या चकत्या एकमेकींना धडकून लिपिडांची देवाणघेवाण करतात, त्यामुळे मूळचे शेजारी कायम राहतीलच असं धरून चालता येत नाही.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. चकतीला आत-बाहेर नसतं. भिंतीशिवाय नुसती चौकट मैदानात उभी केली तर माणूस आत आला की बाहेर गेला, कसं ठरवणार? पंपानं काही वाहून नेलं हे मोजायला बंद फुगा लागतो. मग प्रथिन पुन्हा लिपिडाच्या फुग्यात बसवावं लागतं. रचना आणि औषध चिकटतं का, हे चकतीत पाहायचं, वाहतूक फुग्यात मोजायची. दोन्ही वाटा लागतात.

"प्लास्टिक आमच्या औषधात येणार का?"

आईची काळजी हीच होती. नाही. हे पॉलिमर प्रयोगशाळेतलं हत्यार आहे, सुताराच्या पटाशीसारखं. खुर्चीबरोबर पटाशी घरी येत नाही. तसं पाहिलं तर पॉलिमर शरीराला परकंही नाही. भातातला स्टार्च पॉलिमर, डीएनए पॉलिमर, सुती लुगडं पॉलिमर. आणि एसएमएच्याच कुळातलं पॉलिमर जोडलेलं स्मँक्स नावाचं यकृताच्या कर्करोगावरचं औषध जपानमध्ये १९९०च्या दशकात मंजूर झालं होतं. पण भाचीचं काम त्या वाटेचं नाही.

मग पीएचडी नक्की कशावर?

पोतीवरच. कारखान्यातून येणाऱ्या एसएमएत सगळ्या माळा एकसारख्या नसतात. काही आखूड, काही लांब. दोन सोन्याचे मणी सहसा शेजारी येत नाहीत, कारण मॅलिइक ॲनहायड्राइड स्वतःच्याच जातीला जोडून घ्यायला नाखूश असतं. पण काळे मणी कुठे दोन, कुठे पाच सलग येतात. अशा मिश्रणातली कुठली माळ प्रथिनाला मानवली आणि कुठलीनं बिघडवलं, हे कळायला मार्ग नसतो. कारखान्यात मी लांबीचा हा विस्तार रोज आलेखावर पाहिला आहे. पिशवीला तो चालतो, कधी कधी हवाही असतो.

भाची जवळपास एकाच लांबीच्या माळा ओवते. राफ्ट नावाची ती पद्धत १९९८ साली ऑस्ट्रेलियात पुढे आली. तिच्यात प्रत्येक माळेच्या टोकाला एक गंधकयुक्त गट बसतो आणि सगळ्या माळा बरोबरीनं वाढतात. मात्र नुसतं एकत्र टाकून ओवलं तर आधी काळा-सोन्याचा असे आलटून-पालटून मणी लागतात, सोन्याचे संपतात आणि शेवटी नुसत्या काळ्यांची शेपटी उरते. म्हणून तिला काळे मणी मोजून-मापून, थोडे थोडे सोडावे लागतात. लांबी एक, काळ्या मण्यांच्या मांडण्या चार, आणि प्रथिन एकच: जिवाणूचा एक पंप. कुठल्या पट्ट्यात तो जास्त दिवस धड राहतो, ते ती पाहते.

परवा रात्री तिचा फोन आला. तिसऱ्या मांडणीची भुकटी वाळून तयार होती, सकाळी पटलांत घालणार होती. आई शेजारीच बसली होती. तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, "ताक निवळलं की लगेच सांग गं."